त्रेसष्ट पायऱ्या

जो दावा करतो, त्यानंच तो शाबीत करायचा:
हे वाक्य मी एकतीस वर्षं
फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात लिहीत आलो.
खडू संपायचा, वाक्य नाही.

निवृत्तीनंतर तहताकालेत
नेजातच्या बटणांच्या दुकानापुढे, स्टुलावर,
तेच वाक्य चहासोबत चालू राहिलं.
नेजात म्हणे, या सराईच्या पोटात विहीर आहे,
आजोबांनी पाणी ऐकलंय.
मी म्हणे, दाखव.
तो म्हणे, नाही हे तू दाखव.
मी म्हणे, नसलेल्याला कुठून धरून आणू?
अकरा हिवाळे आम्ही त्या विहिरीत पोहरा सोडला.
पोहरा कोरडा, दोर लांबच लांब.

मधेच कुणीतरी "वाट द्या, वाट" म्हणत जायचं.
आम्ही पाय आखडून घ्यायचो,
मुद्दा सोडायचो नाही.

एकदा नावगाव नसलेली एक पेटी आली.
नेजात म्हणाला, माझी नाही.
वरच्या मजल्यावरचा झिपवाला म्हणाला, माझीही नाही,
आणि तुझी नाही हे कशावरून?
मला चेव चढला.
नाकारणाऱ्यावर भार येतो का, आला तर किती,
यावर मी दोन पेले चहा होईपर्यंत बोललो.
पेटी तोवर
बेक्ताशच्या पाठीवर होती.
त्यानं एवढंच विचारलं,
"मास्तर, तुमचं ठरेपर्यंत टेकवू का?"

मागच्या फेब्रुवारीत तो पेन्शनच्या कचेरीत गेला.
खिडकीतली बाई वाईट नव्हती.
ओझी वाहिलीत म्हणता, कागद?
त्यानं सदरा वर करून पाठ दाखवली.
मधोमध खोगिराचा घट्टा,
जुन्या चपलेच्या तळासारखा गुळगुळीत.
हातच्या काकणाला आरसा कशाला, म्हणतात.
कचेरीला आरसाच लागतो,
तोही दोन प्रतींत, शिक्का मारून.
साक्षीदार आणा, ती म्हणाली,
डोळ्यांनी पाहिलेला.

तो माझ्याकडे आला.

धूर दिसला की आग म्हणावं
असं पोरांना शिकवणारा मी
त्या रात्री आठवत बसलो, काय पाहिलं होतं.
जिना चढणारा एक फ्रिज.
वळणावर अडलेली गालिच्यांची वळकटी.
मण्यांची तीन पोती, निळ्या, एक फाटलेलं,
आठवडाभर फटींतून मणी निघत होते.
प्रत्येकाखाली दोन पाय.
चेहरा
एकाही आठवणीत नव्हता.
ओझ्याखालचा माणूस वाकलेला असतो
आणि मी बसलेला असायचो.
हे कारण झालं. सबब नाही.

खोटं बोलायचं नव्हतं. खरं पुरत नव्हतं.

पहाटे सराईत गेलो, रखवालदार झोपलेला.
जिना मोजला. त्रेसष्ट.
प्रत्येक पायरी डाव्या अंगाला खोलगट,
भिंतीला खांदा लावून चढणाऱ्याच्या पावलाएवढी.
उजवीकडे दगडाची धार अजून शाबूत.
त्या खळग्यांत पाय ठेवत चढलो,
रिकाम्या पाठीनं,
आणि एकोणिसाव्या पायरीवर दम लागून बसलो.
कुणीतरी चढलंय, दगड म्हणत होता.
कोण, ते म्हणत नव्हता.
दगडाला सही येत नाही.

साडेनऊला खिडकी उघडली.
तुम्ही यांना काम करताना पाहिलंत?
नाही, मी म्हणालो.
बेक्ताशनं मान वळवली. पहिल्यांदाच
मला त्याचे डोळे दिसले, करडे, डावा किंचित बारीक.
लिहून घ्या, मी म्हणालो,
अकरा हिवाळे हा माणूस
ओझं घेऊन माझ्या गुडघ्यांपुढून गेला
आणि मी पाहिलं नाही.
दावा माझा. शाबीत मीच करणार,
कसं, ते अजून ठाऊक नाही.

बाईचं पेन कागदावर थांबलं.
फॉर्ममध्ये यासाठी रकाना नव्हता.
ती आत कुणाला तरी विचारायला गेली.

बेक्ताशनं भिंतीकडची खुर्ची ओढली,
बाहीनं पुसली.
"बसा मास्तर," तो म्हणाला,
"यांचं ठरायला वेळ लागेल."